पन्नाशीतला विंगर : स्टॅन्ली मॅथ्यूजबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात वय झालेल्या खेळाडूंबद्दल लिहिताना स्टॅन्ली मॅथ्यूजला आम्ही एका ओळीत उरकलं होतं, की हा इंग्लिश फुटबॉलर पन्नास वर्षांचा असताना लीग मॅच खेळला. त्यावर एवढे प्रश्न आलेत की या वेळचा कॉलम पूर्ण त्यालाच देऊन टाकतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि कुणाकुणाचे प्रश्न जरा कापलेत, राग मानू नका.

प्रश्न : पन्नासाव्या वर्षी लीग मॅच म्हणजे नक्की काय? कुठली तरी छोटी लीग असेल, किंवा निरोपाची प्रदर्शनी मॅच असेल. आजच्या भाषेत प्रीमियर लीग लेव्हलला पन्नाशीचा माणूस खेळला हे पटत नाही.

न पटण्यासारखंच आहे, पण खरं आहे. ६ फेब्रुवारी १९६५, स्टोक सिटी विरुद्ध फुलम, फर्स्ट डिव्हिजन, म्हणजे तेव्हाची इंग्लंडमधली सगळ्यात वरची लीग. मॅथ्यूजचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ चा, त्यामुळे वय ५० वर्षं ५ दिवस. स्टोक ३-१ ने जिंकलं. निरोपाची मॅच वेगळी झाली, ती एप्रिलमध्ये, तिथे लेव याशिन, पुश्कास, डी स्टेफानो अशी मंडळी आली होती आणि शेवटी त्याला खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेलं. पण फुलमची मॅच खऱ्या पॉइंट्सची होती.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, त्या सीझनमधली त्याची ती एकच लीग मॅच. गुडघ्याच्या दुखण्यामुळे तो बराच काळ बाहेर होता, आणि वाढदिवसाच्या आठवड्यात त्याला खेळवण्यामागे थोडा भावनेचा भाग होताच. त्यामुळे मला विचाराल तर पन्नासचा आकडा हा त्याच्या करियरमधला सगळ्यात भारी आकडा नाहीये. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, ४८ व्या वर्षी, तो सीझनमधल्या बहुतेक मॅच खेळला आणि टीम सेकंड डिव्हिजन, म्हणजे वरून दुसरी लीग, जिंकून वर आली, ते जास्त अवघड होतं. त्यावर पुढे येतोच.

प्रश्न : तो एवढा ग्रेट का मानला जातो? गोल तर फार नाहीत म्हणे.

गोल खरंच फार नाहीत. लीगमध्ये जवळपास सातशे मॅचेस आणि गोल सत्तरच्या आसपास, मधली १४ वर्षं ज्या क्लबला काढली त्या ब्लॅकपूलकडून तर ३७९ लीग मॅचमध्ये फक्त १७. तो आउटसाइड राइट होता, सात नंबरचा शर्ट, उजव्या टचलाइनला चिकटून उभा राहणारा जुन्या पद्धतीचा विंगर. तरुणपणी गोल करायचा, १९३७ साली चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध इंग्लंडसाठी हॅटट्रिक मारली आणि इंग्लंड ५-४ ने जिंकलं, पण पुढे पुढे त्याने ते कामच सोडून दिलं, बॉल समोरच्या टीमच्या गोल लाइनपर्यंत न्यायचा आणि मागे कट करून द्यायचा, मारणारे दुसरे.

त्याची ट्रिक एकच होती, आणि गंमत म्हणजे ती सगळ्यांना माहीत होती. बॉल पायात घेऊन तो सरळ लेफ्टबॅकच्या, म्हणजे समोरच्या टीमच्या डाव्या बाजूच्या डिफेंडरच्या, अंगावर चालत जायचा, पळत नाही, जवळजवळ चालतच. अगदी समोर गेला की अंग डावीकडे झुकवायचा, जणू आता आत घुसणार, आणि बॅकने स्वतःचं वजन त्या पायावर टाकलं की मॅथ्यूज उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने बॉल लाइनच्या बाजूला ढकलून निघून जायचा. बस, एवढंच. पुढच्या मॅचला पण हेच, आणि दहा वर्षांनी पण हेच. समोरचा माणूस रात्रभर स्वतःला बजावून आलेला असायचा की हा बाहेरूनच जाणार, तरी अंग झुकलं की त्याचाही पाय हलायचा, कारण ते झुकणं बघून न हलणं हे शरीराला जमत नाही.

यात महत्त्वाचं काय, तर नंतरचे पहिले आठ-दहा यार्ड. तिथे त्याच्याइतका झटकन वेग घेणारा माणूस नव्हता, लांब पळण्यात तो काही फार भारी नव्हता, आणि त्याला त्याची गरजही नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण त्याचं पुढचं सगळं, खाणं, व्यायाम, बूट, एवढंच काय मॅचमध्ये मुद्दाम मागे न येणं, हे सगळं ते दहा यार्ड टिकवण्यासाठी चाललेलं होतं असं माझं मत आहे. टीका करणारे म्हणायचे की हा डिफेन्समध्ये मदत करत नाही, हेडिंग करत नाही, आणि ती टीका खरीच होती, पण त्यामुळेच तो टिकला हेही खरं.

प्रश्न : त्याचं डाएट काय होतं? व्हेजिटेरियन होता का? आम्हा चाळिशीतल्यांना काही उपयोग होईल असं सांगा.

चाळिशीतल्या मंडळींनो, आधी वाईट बातमी, याची सुरुवात लहानपणी झालेली होती. वडील जॅक मॅथ्यूज हे स्टोकमधल्या हॅन्ली भागातले न्हावी आणि व्यावसायिक बॉक्सर, लोक त्यांना हॅन्लीचा फायटिंग बार्बर म्हणायचे. चार भावांमधला स्टॅन्ली तिसरा. वडिलांची शिस्त अशी की पोरांनी पहाटे उठायचं, उघड्या खिडकीसमोर उभं राहून खोल श्वास घ्यायचे, चेस्ट एक्स्पांडर ओढायचा, आणि मग शाळा. पोरगा बॉक्सर होणार अशी वडिलांची इच्छा होती, पण त्याला शाळकरी मुलांच्या इंग्लंड टीममध्ये खेळताना बघून त्यांनी तो नाद सोडला.

ती सकाळची सवय त्याने आयुष्यभर सोडली नाही. ब्लॅकपूलला असताना बीचवर एकटाच स्प्रिंट मारायचा, क्लबची ट्रेनिंग वेगळी. त्या काळात बऱ्याच क्लबांची ट्रेनिंग म्हणजे मैदानाला फेऱ्या, तर हा सांगायचा की मला एवढं लांब पळायचंच नाहीये, मला छोटं आणि फास्ट पळायचंय, मग तेवढंच करायचा. दारू नाही, सिगरेट नाही, फळं आणि सॅलड भरपूर, गाजराचा रस, आणि सोमवारी उपास. आपल्याकडे सोमवारचा उपास म्हटलं की शंकर आठवतो, याचा मात्र देवाशी काही संबंध नव्हता, पोटाला सुट्टी एवढाच हिशोब.

सिगरेट नाही म्हटलं खरं, पण एका सिगरेट ब्रँडच्या जाहिरातीत त्याचा फोटो होता! न पिणाऱ्याने जाहिरात केली, पैसे घेतले, त्या काळात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

बूट हा एक वेगळाच विषय. तेव्हाचे इंग्लिश फुटबॉल बूट म्हणजे घोट्याच्या वरपर्यंत, जाड चामडं, पुढे कडक टोपी, ओले झाले की आणखी जड. १९५० च्या वर्ल्डकपला ब्राझीलमध्ये त्याने तिथल्या खेळाडूंचे हलके, घोट्याखालचे बूट बघितले आणि परत आल्यावर को-ऑप या सहकारी संस्थेच्या कारखान्याकडून स्वतःसाठी तसे बनवून घेतले. इतके पातळ की थोड्याच मॅचमध्ये फाटायचे, मग नवीन जोडी. आणि दुसरीकडे मॅचच्या आधी चालायला शिसं घातलेले जड बूट वापरायचा, म्हणजे ते काढून खेळायचे बूट घातले की पाय हवेत असल्यासारखे वाटावेत. मला ही गोष्ट वाचून कायम हसू येतं, पण चाळिशीनंतर इंग्लंडकडून खेळणाऱ्या माणसाला हसणारे आपण कोण.

प्रश्न : स्टोक हा त्याचा स्वतःच्या गावचा क्लब, मग त्यांनी त्याला विकलं का?

भांडण. साधं सरळ भांडण.

पंधराव्या वर्षी तो स्टोक सिटीच्या ऑफिसमध्ये पोऱ्या म्हणून लागला, सतराव्या वाढदिवसाला प्रोफेशनल झाला आणि १९३२ च्या मार्चमध्ये बरीविरुद्ध पहिली मॅच खेळला. १९३५ मध्ये बॉब मॅकग्रोरी मॅनेजर झाले, हे आधी त्याच क्लबचे खेळाडू, आणि या दोघांचं कधी जमलंच नाही. १९३८ च्या सुरुवातीला मॅथ्यूजने ट्रान्सफर मागितली तर स्टोकमध्ये हाहाकार उडाला, किंग्ज हॉलमध्ये निषेध सभा भरली, आत तीन हजार लोक आणि बाहेर आणखी गर्दी, कारखान्यांचे मालक म्हणायला लागले की कामगारांचं कामात लक्ष नाही. शेवटी बिचारा राहिला. तेव्हा वय २३ होतं!

मग युद्ध आलं. लीग बंद, हा आरएएफमध्ये, म्हणजे ब्रिटिश हवाई दलात, पोस्टिंग ब्लॅकपूलजवळ. म्हणजे २४ ते ३१ ही कुठल्याही फुटबॉलरची सोन्यासारखी वर्षं, त्यात त्याचा एकही खरा लीग सीझन नाही, युद्धकाळातल्या मॅचेस भरपूर खेळला पण त्या रेकॉर्डमध्ये धरत नाहीत. लोक त्याच्या ३३ वर्षांच्या करियरचं कौतुक करतात तेव्हा ही सात वर्षं त्यातून गेलेली आहेत हे विसरतात. आणि युद्ध संपल्यावर पहिल्याच वर्षी, मार्च १९४६ मध्ये, बोल्टनच्या बर्न्डन पार्कवर गर्दीत चेंगरून ३३ माणसं गेली, ती मॅच बोल्टन विरुद्ध स्टोकच होती, मॅथ्यूज मैदानात होता.

१९४६-४७ ला स्टोक लीग जिंकायच्या बेतात होतं. मॅथ्यूजला दुखापत झाली, बरा झाल्यावर मॅकग्रोरी म्हणाले आधी रिझर्व्हमध्ये, म्हणजे क्लबच्या दुसऱ्या टीममध्ये, खेळून दाखव, याला ते लागलं, परत जुनं सगळं वर आलं आणि मे १९४७ मध्ये, सीझनच्या थोड्याच मॅच उरलेल्या असताना क्लबने त्याला ब्लॅकपूलला ११,५०० पाउंडांना विकून टाकलं. शेवटची मॅच शेफील्ड युनायटेडशी होती, जिंकले असते तर स्टोक चॅम्पियन, २-१ ने हरले, टायटल लिव्हरपूलला गेलं. स्टोकने आजपर्यंत टॉप लीग एकदाही जिंकलेली नाही. आता मॅथ्यूज असता तर जिंकलेच असते असं छातीठोकपणे कोण सांगणार, पण लीगच्या शर्यतीत असताना देशातला सगळ्यात प्रसिद्ध विंगर विकायचा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

ब्लॅकपूलच्या मॅनेजरने, जो स्मिथने, त्याला विचारलं होतं म्हणे की तू ३२ चा आहेस, अजून दोनेक वर्षं निघतील का? १४ वर्षं निघाली.

प्रश्न : १९५३ च्या एफए कप फायनलला मॅथ्यूज फायनल का म्हणतात? गोल तर दुसऱ्यानेच केले ना.

हा प्रश्न विचारणाऱ्याला मनापासून धन्यवाद, कारण माझा यावर जुना राग आहे.

एफए कप म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांची नॉकआउट स्पर्धा. २ मे १९५३, लंडनचं वेम्बली स्टेडियम, एक लाख प्रेक्षक, ब्लॅकपूल विरुद्ध बोल्टन वॉन्डरर्स. राणीच्या राज्याभिषेकाला बरोब्बर एक महिना होता, ती स्वतः मॅचला हजर, आणि त्या निमित्ताने बऱ्याच घरांत नवे टीव्ही आलेले, त्यामुळे लाखो लोकांनी पहिल्यांदाच एखादी फायनल घरी बसून बघितली. मॅथ्यूज ३८ वर्षांचा. १९४८ ची फायनल मँचेस्टर युनायटेडशी ४-२ आणि १९५१ ची न्यूकॅसलशी २-० अशी हरलेला, म्हणजे सगळ्या देशाला वाटत होतं की हा शेवटचा चान्स, आणि वडिलांना त्यांच्या शेवटच्या दिवसांत त्याने कप जिंकायचं वचन दिलं होतं तीही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते.

मॅच सुरू होऊन दोन मिनिटं व्हायच्या आत नॅट लॉफ्टहाउसचा गोल. तासाभराच्या आतच बोल्टन ३-१ ने पुढे. पण बोल्टनचा एरिक बेल सुरुवातीलाच स्नायू दुखावून लंगडत होता, सबस्टिट्यूट नावाची भानगड तेव्हा नव्हती, त्यामुळे ते खरं तर साडेदहा माणसांनी खेळत होते (तिसरा गोल त्याच लंगड्या बेलने हेडरने केला, हे मला सगळ्या मॅचमधलं सगळ्यात धाडसी काम वाटतं). मग दुसऱ्या हाफच्या उत्तरार्धात त्यांचा लेफ्टबॅक राल्फ बँक्स याला क्रॅम्प यायला लागले, म्हणजे नेमका जो मॅथ्यूजसमोर उभा होता तो! ब्लॅकपूलने काय केलं, सगळे बॉल उजव्या बाजूला.

६८ व्या मिनिटाला मॅथ्यूजचा क्रॉस, गोलकीपरच्या हातातून निसटला, स्टॅन मॉर्टेन्सनने आत ढकलला, ३-२. ८९ व्या मिनिटाला मॉर्टेन्सनची फ्री किक सरळ जाळ्यात, ३-३, त्याची हॅटट्रिक. आणि इंज्युरी टाइममध्ये मॅथ्यूज परत एकदा बाहेरून गेला, लाइनजवळ पोचला, बॉल मागे कट करताना पाय घसरून पडला, पण बॉल बरोबर बिल पेरीकडे, ४-३. पेरीचा गोल.

आता सांगा. वेम्बलीवरच्या एफए कप फायनलमध्ये हॅटट्रिक आजपर्यंत एकट्या मॉर्टेन्सनच्या नावावर आहे, आणि त्या मॅचला नाव मॅथ्यूजचं! मॅथ्यूज स्वतः आयुष्यभर सांगत राहिला की ही मॉर्टेन्सनची फायनल आहे, कुणी ऐकलं नाही. शेवटची वीस मिनिटं त्याने बोल्टनची डावी बाजू फाडली हे शंभर टक्के खरं, पण नाव देताना पेपरवाल्यांना आणि लोकांना आधीपासूनच जी गोष्ट हवी होती तीच त्यांनी लिहिली असं मला वाटतं.

प्रश्न : एवढा मोठा खेळाडू आणि इंग्लंडसाठी ५४ च मॅच?

पहिली मॅच सप्टेंबर १९३४, वेल्सविरुद्ध कार्डिफला, ४-० आणि त्यात याचा एक गोल. शेवटची १५ मे १९५७, डेन्मार्कविरुद्ध कोपनहेगनला, वय ४२ वर्षं १०३ दिवस. जवळपास २३ वर्षं, पण त्या काळात इंग्लंड जेवढं खेळलं त्यातल्या निम्म्याहून कमी मॅचमध्ये हा होता.

कारण तेव्हा टीम मॅनेजर निवडत नव्हता, एफएची, म्हणजे इंग्लिश फुटबॉल असोसिएशनची, कमिटी निवडायची. वॉल्टर विंटरबॉटम १९४६ पासून मॅनेजर होते, पण शेवटचा शब्द त्यांचा नसायचा. कमिटीला मॅथ्यूज म्हणजे जरा जास्तच शोबाज वाटायचा आणि शिवाय टॉम फिनी होता, तोही उजव्या बाजूचा, तोही जबरदस्त, गोल याच्यापेक्षा जास्त, मग देशभर वाद, मॅथ्यूज की फिनी. १९४७ मध्ये लिस्बनला फिनीला डावीकडे टाकून दोघांना एकत्र खेळवलं तर पोर्तुगालला १०-० ने हाणलं. एवढं झाल्यावरही पुढे याला आत-बाहेर करणं चालूच.

सगळ्यात लाजिरवाणं १९५० च्या वर्ल्डकपचं. बेलो होरिझोंटेला अमेरिकेविरुद्ध मॅच, टीम निवडायला आर्थर ड्र्युरी हे एकटे सिलेक्टर, त्यांनी आधीची जिंकलेली टीम बदलायची नाही असं ठरवलं, मॅथ्यूज प्रेक्षकांत बसून बघतोय आणि इंग्लंड १-० ने हरलं. फुटबॉलच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा धक्का मानतात.

तरी परत परत बोलावणं येतच राहिलं. एप्रिल १९५५ ला वेम्बलीवर स्कॉटलंडला ७-२ ने हरवलं त्यात हा चाळीस वर्षांचा, आणि त्याच मॅचमध्ये १८ वर्षांचा डंकन एडवर्ड्स पदार्पण करत होता, मॅथ्यूजने इंग्लंडकडून पहिली मॅच खेळली तेव्हा हा एडवर्ड्स जन्मलेला सुद्धा नव्हता! पुढच्या वर्षी ब्राझील वेम्बलीवर आलं, समोर निल्टन सांतोससारखा लेफ्टबॅक, मॅथ्यूज ४१ चा, इंग्लंड ४-२ ने जिंकलं. हा निल्टन सांतोस पुढे दोन वर्ल्डकप जिंकला, म्हणजे समोर कोणी ऐरागैरा नव्हता.

प्रश्न : पहिला बॅलन डी'ओर त्याला मिळाला तो योग्य होता का?

बॅलन डी'ओर म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलरचा अवॉर्ड, तेव्हा फक्त युरोपातल्यांसाठी. १९५६ चा पहिला, मॅथ्यूज ४७ पॉइंट्स, डी स्टेफानो ४४, रेमंड कोपा ३३. त्या वर्षी डी स्टेफानोने रेआल माद्रिदला पहिला युरोपियन कप जिंकून दिलेला. मॅथ्यूजचं ब्लॅकपूल लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या मागे दुसरं. मी असतो तर डी स्टेफानोला मत दिलं असतं, सरळ सांगतो. त्या मतदानात वर्षभराच्या खेळाबरोबर अख्ख्या करियरला सलाम होता असं दिसतं, आणि पहिलंच वर्ष असल्यामुळे ते चालूनही गेलं.

प्रश्न : हिटलरच्या टीमला नाझी सॅल्यूट करणाऱ्या फोटोत तो आहे म्हणतात, खरं का?

आहे. १४ मे १९३८, बर्लिनचं ऑलिम्पिक स्टेडियम. ब्रिटिश राजदूत नेव्हिल हेंडरसन आणि एफएच्या अधिकाऱ्यांनी मिळून ठरवलं की जर्मन राष्ट्रगीताच्या वेळी आपल्या पोरांनी हात वर करायचा, उगाच संबंध बिघडायला नकोत. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये भडकले होते, पण केलं त्यांनी. मग मैदानात ६-३ ने जिंकले, त्यात एक गोल मॅथ्यूजचा. फोटो मात्र सॅल्यूटचाच राहिला. विशीतल्या पोरांना दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही, ज्यांनी ऑर्डर दिली ते कुठल्याच फोटोत नाहीत.

प्रश्न : त्याने पैसे किती कमावले असतील?

आजच्या मानाने हसाल. इंग्लंडमध्ये तेव्हा मॅक्झिमम वेज होती, म्हणजे क्लबने खेळाडूला ठरावीक रकमेपेक्षा जास्त पगार द्यायचाच नाही, मग तो मॅथ्यूज असो की दुसरा कुणी. युद्धाआधी सीझनमध्ये आठवड्याला ८ पाउंड आणि उन्हाळ्यात ६. वाढत वाढत १९५८ ला २० वर आली आणि १९६१ च्या जानेवारीत खेळाडूंच्या युनियनने, जिमी हिलच्या पुढाकाराने, संपाची धमकी देऊन ती रद्द करून घेतली. म्हणजे मॅथ्यूजची जवळजवळ सगळी करियर या मर्यादेखाली गेली.

त्याची खरी किंमत काय होती ते बघायचं असेल तर ऑक्टोबर १९६१ बघा. स्टोक सेकंड डिव्हिजनमध्ये रडतखडत चाललेलं, घरच्या मॅचला प्रेक्षक जेमतेम ८ हजार. मॅनेजर टोनी वॉडिंग्टनने ४६ वर्षांच्या मॅथ्यूजला चार-एक हजार पाउंडांच्या आत परत आणलं. लोक म्हणाले स्टंट आहे. हडर्सफील्डविरुद्ध तो परत मैदानात उतरला त्या दिवशी प्रेक्षक होते ३५ हजारांच्या वर. ट्रान्सफरचे पैसे असे लगेच वसूल!

आणि स्टंट नव्हताच. १९६२-६३ ला स्टोक सेकंड डिव्हिजन जिंकून वर आलं, ल्यूटनविरुद्धच्या ज्या मॅचमध्ये ते पक्कं झालं त्यात जिमी मॅकइलरॉयचा पास घेऊन ४८ वर्षांच्या मॅथ्यूजने गोलकीपरला चकवून गोल केला, पूर्ण सीझनमधला त्याचा एकमेव गोल. फुटबॉल पत्रकारांचा फुटबॉलर ऑफ द इयर हा अवॉर्ड १९४८ ला सुरू झाला तेव्हा पहिला याला मिळालेला, १९६३ ला परत यालाच. मधे पंधरा वर्षं. मी वर म्हणालो ना, पन्नासच्या आकड्यापेक्षा हे मोठं आहे, ते यामुळे.

बाकी पैशाचं म्हणाल तर जाहिराती, बूट, उन्हाळ्यात परदेशात जाऊन प्रदर्शनी मॅच, आणि ब्लॅकपूलमध्ये बायकोबरोबर चालवलेलं हॉटेल, यातून बरं चाललं.

प्रश्न : इटलीत मॅच चालू असताना खिशातून कंगवा काढून केस विंचरले होते म्हणे?

१९४८, ट्युरिन, इंग्लंडने इटलीला ४-० ने हरवलं ती मॅच. घामाचा हात शॉर्ट्सला पुसून त्याने केसांवरून फिरवला, लांबून बघणाऱ्यांना कंगवा दिसला. पण गोष्ट अशी पसरली की पुढे कित्येक वर्षं लोक त्याला कंगव्याबद्दलच विचारायचे.

प्रश्न : रिटायर झाल्यावर काय केलं? सर ही पदवी कधी मिळाली?

सर आधीच झाला होता, १९६५ च्या जानेवारीत, आणि खेळत असताना नाइटहुड मिळालेला हा एकमेव फुटबॉलर. रिटायरमेंटनंतर स्टोकमधल्याच दुसऱ्या क्लबचा, पोर्ट व्हेलचा, जनरल मॅनेजर झाला, तो अनुभव वाईट. १९६८ मध्ये क्लबला बेकायदा पेमेंट दिल्याबद्दल लीगमधून काढून टाकलं (लगेच परत घेतलं). त्यातून तो इंग्लंडच सोडून गेला, माल्टाला वगैरे राहिला. त्याच काळात चेकोस्लोव्हाकियाच्या दौऱ्यावर भेटलेल्या मिलाशी दुसरं लग्न. पहिल्या लग्नाचा मुलगा, तोही स्टॅन्लीच, टेनिसपटू, १९६२ चा विम्बल्डन ज्युनियर चॅम्पियन.

मला मात्र त्याचं आफ्रिकेतलं काम सगळ्यात आवडतं. पन्नासच्या दशकापासून तो बहुतेक उन्हाळे आफ्रिकेत कोचिंग करायला जायचा. १९५७ ला घाना स्वतंत्र झाला त्याच वर्षी तिथे हार्ट्स ऑफ ओक या क्लबकडून पाहुणा म्हणून खेळला. आणि दक्षिण आफ्रिकेत, वर्णभेदाचे कायदे ऐन जोरात असताना, जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो वस्तीतल्या काळ्या शाळकरी पोरांची टीम बांधली आणि १९७५ मध्ये तिला ब्राझीलला घेऊन गेला, जिथे त्या पोरांना स्वतःच्या देशात गोऱ्यांबरोबर एका टीममध्ये खेळता येत नव्हतं तिथे हे. साठीतला माणूस, सर वगैरे झालेला, घरी आरामात बसू शकत होता.

२३ फेब्रुवारी २००० ला तो गेला, ८५ वर्षांचा होऊन. अस्थी स्टोकच्या नव्या स्टेडियमच्या सेंटर सर्कलखाली आहेत.

प्रश्न : पूर्ण करियरमध्ये एकही यलो कार्ड नाही हे खरं आहे का?

यलो कार्डच नव्हतं हो तेव्हा! कार्डं आली १९७० च्या वर्ल्डकपला, हा त्याआधी पाच वर्षं थांबलेला. तेव्हा रेफ्री वहीत नाव लिहून घ्यायचा, आणि त्या वहीत याचं नाव कधी गेलं नाही. बाहेर तर कधीच काढला नाही. लेफ्टबॅक लोक त्याला टाचांवर, घोट्यांवर, जमेल तिथे लाथा घालायचे, आणि हा उठून परत त्याच लेफ्टबॅककडे चालत जायचा.